मगऱ्यांची फिरती चांदणी

"जावयाला कुणी शिव्या देत न्हाई," अंगद म्हणाला, "म्हणून तुमीच सांगा, राजानंदराव."

आम्ही दोघे खांद्यावर टॉवेल टाकून न्हाणीच्या दारात उभे होतो. आत माझी बायको भावना होती, तिच्यानंतर अंगदची बायको सुरेखा जाणार होती, आणि त्यानंतर कुणी जायचं यावर माझी आणि माझ्या मेव्हण्याची बोलणी चालू होती. डिसेंबरची चोवीस तारीख, जाफराबादची थंडी, आणि चुलीवरच्या एका हंड्यात नऊ माणसांचं पाणी. माझ्या सासऱ्यांच्या घरात नाताळला माणसं कितीही मावतात. न्हाणी मात्र एकच आहे.

"वडील तुमचे आहेत," मी म्हणालो. "तुम्ही सांगा."

"मी सांगितलं तर पाना फेकून मारतेत. भावनी सांगायला गेली तर आधी रडत बसंल. तुमाला काय? फार तर फार चहा पाजतील."

सांगायचं होतं ते एवढंच, की पुढच्या वर्षीपासून नाताळ पुण्यात, अंगदच्या नव्या फ्लॅटवर करायचा. सगळ्यांच्या सोयीचं होतं. पुण्याहून जालना, जालन्याहून एसटी. अंगदचा जोएल दर वर्षी भोकरदनच्या अलीकडे उलटी करतो आणि माझी शालोम पलीकडे. मधल्या काळात दोघं एकमेकांना हसतात. रजा मिळत नाही, शाळा लवकर सुरू होते, आणि न्हाणीचं तर सांगितलंच. पुण्याचा विषय निघाला तेव्हा पहिला हात मी वर केला होता, हे आत्ताच कबूल करून टाकतो.

फोनवर सांगायचा प्रयत्न तीनदा झाला होता. पण फोनवर अडचणीचं काही निघालं की आमच्या मामांना, म्हणजे सासऱ्यांना, ऐकू येत नाही. "आवाज तुटून राह्यला," म्हणतात आणि फोन मामींच्या हातात देतात. मामी विचारतात, जेवलात का. आपण जेवलो म्हणतो आणि विषय संपतो.

मामांचं, म्हणजे तातेराव मगरे यांचं, बसस्टँडच्या मागे मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटार उघडायची, आतली काळी पडलेली तार ओढून काढायची, नवी तांब्याची तार वेढे मोजून भरायची, वार्निश पाजायचं आणि मोटार परत विहिरीवर पाठवायची. चाळीस वर्षं त्यांनी हे एवढंच केलं. याची कुठं नोंद होणार नाही, पण जाफराबादच्या आसपासच्या विहिरींना वाचा फुटली तर त्या मगऱ्यांचंच नाव घेतील. पाण्याची मोटार चुकीची जोडली गेली तर उलटी फिरते. आवाज सगळा करते, पाणी मात्र देत नाही. मगऱ्यांच्या दुकानातून गेलेली मोटार आजवर एकदाही उलटी फिरली नाही, असं लोक सांगतात. मामा स्वतः सांगत नाहीत. कुणी सांगत असलं की फक्त जवळ येऊन उभे राहतात.

दुकान वर्षातून दोनदा बंद असतं, उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आणि नाताळला. डिसेंबरात हरभऱ्याला न् गव्हाला पाणी लागतं, मोटारी धडाधड जळतात, आणि गिऱ्हाईकं दारात येऊन कुरकुरतात. मामा ऐकत नाहीत. पंचवीस तारखेला दुकानाचं शटर उघडलेलं जाफराबादनं पाहिलेलं नाही.

अंघोळ करून मी अंगणात आलो तर मामा चांदणीपुढे मांडी घालून बसले होते. चांदणी साधी नव्हती. बांबूच्या कामट्यांची, पांढऱ्या कागदाची, माझ्या छातीला लागेल एवढी. दर वर्षी त्यांच्या गच्चीवर चांदणी असते, पण ती हातभर, आत एक बल्ब. मागच्या नाताळात जोएल म्हणून गेला होता, "आबा, आमच्या सोसायटीची चांदणी रंग बदलते. तुमची नुसती लटकते." पोरानं सहज म्हटलं आणि विसरून गेला. आजोबा विसरले नाहीत. दिवाळीपासून ते दुकानातून आल्यावर हीच खटपट करत होते, असं मामींनी सांगितलं.

"जावईबापू, या. धरा हे टोक," मामा म्हणाले.

मी धरलं.

"औंदा फिरती करून राह्यलो. चारी गल्ल्यांतून दिसली पायजे. लाईट आतच, बॅटरीवर. वायर गुंडाळायची भानगड न्हाई." त्यांनी शेजारची मोटार थोपटली. एका मंगल कार्यालयाच्या कूलरची जुनी मोटार होती ती, नव्यानं भरलेली. "हिला दम लई. म्हणून ह्या दोन पुल्या. बारकी पुली मोटारला, मोठी चांदणीच्या दांड्याला, मधात पट्टा. मोटार धा चक्कर मारंल तवा चांदणी एक मारंल. आरामात. वरातीतल्या नवरीवाणी."

"आणि उलट्या बसवल्या तर?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुण्याचा आहे हे मला नव्यानं कळलं. "उलट्या कशाला बसवीन?"

"मामा, पुढच्या वर्षी ना..." मी सुरुवात केली.

"पुढच्या वर्षी रंग बदलणारी. एका वर्षात सगळं न्हाई होत."

तेवढ्यात शेजारच्या भिंतीवरून कशफचं डोकं वर आलं. भिंतीपलीकडे निजामोद्दीन यांचं घर आणि शेळ्यांचा गोठा. कशफ त्यांची नात, आजोबांना दादा म्हणणारी, सात वर्षांची, नाताळाचे तीन दिवस आमच्याकडेच मुक्कामाला असल्यासारखी. "शालोम, जोएल, गलबला नका करू," तिनं बजावलं. "आमची बकरी व्याणार हाय. उद्या न्हाई तर परवा. दादा म्हणले, तिला बिलकुल घाबरवू नका."

दोन्ही पोरं लगेच भिंतीवर चढून, अगदी कुजबुजत, शेळीला शुक-शुक करायला लागली.

दुसरा प्रयत्न मी अकरा वाजता केला. मामा दुकानातून पट्टा आणायला निघाले होते, मी सोबत गेलो. वाटेत शब्द जुळवत होतो तर दुकानाच्या पायरीवर एक गृहस्थ मोटारसायकलला जळालेली मोटार बांधून बसलेले. रामराव त्यांचं नाव.

"मगरे, हरभरा माना टाकून राह्यला," ते म्हणाले. "तेवढी बघा ना."

"सण हाय. परवा या." असं म्हणत मामांनी मोटारीचा दांडा दोन बोटांनी फिरवला, कान लावला. "बेअरिंग बी गेलंय. परवा सकाळी या, बसल्या बसल्या करून देतो."

रामरावांची नजर माझ्यावर पडली. "जावई का? पुण्याचे? बरंय, येता तुमी. आमचे तर दिवाळीला बी येत न्हाईत. व्हिडिओ कॉल करतेत अन् फराळ दाखवा म्हणतेत." मग पायरीवर बसलेल्या आणखी एकाकडे वळून ते सांगू लागले, की मगऱ्यानं भरलेली मोटार कधी उलटी फिरत न्हाई, पंधरा वर्षांपासून बघतोय.

मामा पट्टा घेऊन त्यांच्या जवळ उभे राहिले. चांगली पाच मिनिटं. परत येताना पट्टा मी धरला, पुण्याचा विषय तसाच राहिला.

दुपारी जेवताना अंगद माझ्याकडे भुवया उडवत होता. भावना भात वाढताना हळूच म्हणाली, "सांगितलंत?" मी नाही अशी मान हलवली. मामांची थोरली बहीण, साळूबाई आत्या, हसनाबादहून अनारशांचा डबा घेऊन आल्या होत्या. त्या पंगतीत बसून सगळ्यांवर नजर ठेवून होत्या. "काय खुणा चालल्यात?" त्यांनी विचारलं. "पोटात दुखतं का जावईबापूच्या?" मामींनी लगेच ओवा आणला. मी ओवा खाल्ला.

शेवटी चार वाजता गच्चीवर आम्ही दोघेच होतो. विटांच्या ओट्यावर मोटार बसवलेली, शेजारी दांडा उभा, त्याच्या माथ्यावर ती भली मोठी चांदणी. पुल्या तेवढ्या बाकी होत्या.

"मामा, एक बोलायचं होतं."

"बोला. आधी बारा नंबरचा पाना द्या."

मी पाना दिला आणि एका दमात सांगून टाकलं. "पुढच्या वर्षीचा नाताळ पुण्याला करावा असं सगळ्यांचं चाललंय. अंगदच्या नव्या घरी. तुम्ही, मामी, आत्या, सगळ्यांनी तिकडेच यायचं. त्याच्यापुढेही मग तिकडेच."

मामा मोटारीचा बोल्ट आवळत होते. तो आवळून झाला तरी आवळत राहिले.

"सगळ्यांचं चाललंय?"

"हो."

"भावनीचं बी?"

"म्हणजे... मुलांना प्रवास होतो, मामा."

"बराबर हाय," ते म्हणाले. "लेकरांना लई प्रवास होतो." मग पाना खाली ठेवत, "तिथं गच्ची हाय का?"

"आहे ना. दहाव्या मजल्यावर. चावी सेक्रेटरीकडे असते."

"मंग चांदणी?"

"सोसायटीची असते. तयार मिळते. वॉचमन लावतो."

"वॉचमन लावतो," मामा म्हणाले. "बरं हाय. वॉचमन हाय तर बरंच हाय." त्यांनी हात पुढे केला. "पुल्या द्या."

मी दोन्ही पुल्या त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी त्या बसवल्या, पट्टा चढवला, बोल्ट आवळले. मी कठड्याला टेकून दूरवरची गव्हाची रानं बघत होतो. मला फार हलकं वाटत होतं. शिवी नाही, पाना नाही, रडणं नाही. एवढं सोपं होतं तर आपण दुपारी उगाच ओवा खाल्ला, असं वाटलं.

खाली अंगद वाट बघत होता. "काय म्हणले?"

"बराबर हाय म्हणाले."

"अन् मंग?"

"काही नाही. तेवढंच."

अंगदचा चेहरा उतरला. "शिवी न्हाई दिली? बिलकुल?" तो जिन्याकडे बघत राहिला. "दिली असती तर बरं झालं असतं."

संध्याकाळी सहाला आमच्या प्रार्थनामंदिरातली मंडळी ढोलकी, झांजा घेऊन दारात आली. जाफराबादेत आमची घरं बोटांवर मोजण्याएवढी, पण गाणी म्हणायला आली की आवाज शंभर माणसांचा. गल्लीतली इतर माणसंही जमली. मगऱ्यांनी काहीतरी फिरतं केलंय ही बातमी बसस्टँडपर्यंत पोचली होती. मामांनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता, डोक्यावर लोकरी टोपी. त्यांनी जोएलला खुर्चीवर उभं केलं आणि त्याचा हात भिंतीवरच्या बटणावर ठेवला.

"मी म्हणलं की दाब."

ढोलकी घुमायला लागली. आजोबा म्हणाले, "दाब." नातवानं दाबलं.

चांदणी फिरली. पहिला फेरा सगळ्यांना दिसला आणि बायकांनी "अगं बाई" म्हटलं. दुसरा फेरा कुणाला नीट दिसला नाही. तिसऱ्यापासून फेरे मोजायची सोयच राहिली नाही. चांदणीची टोकं नाहीशी झाली आणि गच्चीवर एक पांढरा गोळा घोंघावू लागला. कागद फडफडत होते, दांडा थरथरत होता, साळूबाई आत्या मोठ्यानं प्रभूचं नाव घेत होत्या.

"आबा, भारी!" जोएल ओरडला. "सोसायटीची एवढी नाही फिरत!"

"बंद कर," मामा म्हणाले. "अरे, बंद कर!"

पण पोरानं आनंदाच्या भरात बटणावरचा हात काढून टाळ्या वाजवायला घेतल्या होत्या. कडकन आवाज झाला. दांड्याचा माथा मोडला, आणि चांदणी उजेडासकट आमच्या डोक्यावरून, अंगणातल्या जांभळीच्या शेंड्याला घासून, भिंतीपलीकडे निघून गेली. पलीकडे पत्र्यावर काहीतरी धडाडलं. त्यानंतर शेळीचा असा काही आवाज आला की ढोलकीसुद्धा थांबली.

 मग शालोम किंचाळली, "चांदणी तिकडे गेली!" आणि ती, जोएल आणि कशफ तिघंही फाटकातून पळत सुटली. त्यांच्या मागे आम्ही, आमच्या मागे गाणारी मंडळी, आणि त्यांच्या मागे सगळी गल्ली. माझ्या हातात कधी आला कोण जाणे, पण आत्यांचा अनारशांचा डबा होता.

निजामोद्दीन गोठ्याच्या दारात बॅटरी घेऊन उभे होते. "तातेराव," ते म्हणाले, "हिला अजून एक-दोन दिवस होते. तुमचा तारा आला अन् हिनं जल्दी केली."

पत्र्यावरून घसरून गोठ्याच्या उघड्या बाजूनं आत आलेली चांदणी कडब्याच्या पेंढ्यांवर आडवी पडली होती. दोन टोकं मोडली होती, पण बॅटरी शाबूत होती, आणि तिच्या पांढऱ्या उजेडात, बरोबर खाली, ओलं करडू पायांवर उभं राहायचा प्रयत्न करत होतं. शेळी त्याला चाटत होती आणि मधेच आमच्याकडे रागानं बघत होती. दुपारपासूनच ती अस्वस्थ होती, निजामोद्दीन नंतर म्हणाले. पण गल्लीनं ते ऐकून घेतलं नाही. गल्लीनं जे बघितलं ते बघितलं.

"सरका," साळूबाई आत्या गर्दी कापत पुढे आल्या आणि पदर खोचून शेळीजवळ बसल्या. "आजून एक हाय आत. गडी माणसं बाहेर व्हा. काही लाज हाय का न्हाई?"

आम्ही गडी माणसं बाहेर झालो. तिन्ही पोरांना मात्र कुणी काढू शकलं नाही. जोएलनं खिशातली करंजी काढून शेळीपुढे ठेवली. ते बघून शालोमनं माझ्या हातातल्या डब्यातून एक अनारसा नेऊन ठेवला. कशफ म्हणाली, "तेलाचं नका देऊ, तिला गूळपाणी देतेत," आणि घरातून गूळ घेऊन आली. शेळीनं करंजी, अनारसा आणि गूळ तिन्ही खाल्लं. मग दुसरं करडू झालं. ढोलकीवाल्याला राहवलं नाही, त्यानं बोटांनीच हळू ठेका धरला, आणि आमच्या मंडळींनी तारणारा जन्मला हे गाणं तिथंच, शेळ्यांच्या गोठ्याच्या दारात, खालच्या आवाजात म्हटलं. मी सेहेचाळीस वर्षांचा आहे, इतकी वर्षं चर्चमध्ये हे गाणं ऐकत आलो. ते खरोखर गोठ्याविषयी आहे हे माझ्या लक्षात त्या दिवशी आलं.

सगळं सुरळीत झालं असं वाटत होतं, तेवढ्यात आमच्या गच्चीवरून अंगदचा आवाज आला. तो बॅटरी घेऊन वर तपासायला गेला होता.

"आबा! मोठी पुली मोटारला लागलीय! अन् बारकी दांड्याला! उलट्या लागल्यात!"

सगळ्या गल्लीच्या माना गच्चीकडे वळल्या. मोटारी न् पुल्या हा जाफराबादेत पोराबाळांनाही कळणारा विषय आहे.

मी मामांकडे बघितलं. ते टोपी हातात घेऊन उभे होते आणि स्वतःच्या हातांकडे बघत होते. कुणीतरी आपल्या परवानगीशिवाय आपले हात वापरून गेलंय, असं त्यांच्या तोंडावर होतं. मला दुपारची गच्ची आठवली. मी बोलून मोकळा झालो होतो, रानं बघत होतो, मला हलकं वाटत होतं. आणि माझ्या पाठीमागे, चाळीस वर्षांत एक तार चुकीची न जोडणारा माणूस, बराबर हाय म्हणत, पुल्या उलट्या बसवत होता.  यावर ओवा पुरला नसता.

"मी लावल्या," मी मोठ्यानं म्हणालो. "पुल्या मी बसवल्या. मला वाटलं मोठी मोटारला लागत असेल."

गल्ली हसली. इतकी हसली की निजामोद्दीन यांना शेळीच्या नावानं सगळ्यांना दटावावं लागलं. "पुण्याचे हायेत, काय करणार!" आतून आत्यांचा आवाज आला. भावना माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती. ती मला सतरा वर्षांपासून ओळखते. घरात साधा बल्ब बदलायचा असला तरी मी शेजाऱ्यांना बोलावतो, हे तिला माहीत आहे.

मामांनी टोपी घातली. माझ्याकडे जरा वेळ बघितलं.

"लावल्या खऱ्या," ते सावकाश म्हणाले. "जावई हायेत, म्हणून बोलून न्हाई राह्यलो."

नाताळाचा दिवस माझ्या चेष्टेत गेला. सकाळी उपासनेला पाळकांनी, म्हणजे आमच्या पाद्रीबाबांनी, मला सलाम करताना विचारलं, पुण्यात पुल्या कशा लावतात. जेवताना मामींनी मला वाढलं तेव्हा अंगद म्हणाला, ताट सुलटं धरा. मी सगळं सहन केलं. पोरं गोठ्यातच होती. एका करडाचं नाव चांदणी ठेवलं आणि दुसरं गोल गोल पळायचं म्हणून त्याचं मोटार. जेवून सगळे आडवे झाले, मीही झालो. जाग आली तेव्हा मामा घरात नव्हते. मी मामींना विचारलं, तर त्या भांडी घासत म्हणाल्या, "दुकानात गेलेत. शटर अर्धं वढून बसलेत." मग हातातलं भांडं पालथं घालत म्हणाल्या, "नाताळाला शटर उघडलेलं मी तरी पहिल्यांदाच बघून राह्यले."

सव्वीसला सकाळी आम्ही जीपच्या थांब्यावर आलो. थांबा मामांच्या दुकानासमोरच आहे. पिशव्या टपावर चढल्या, बायका-पोरं आत बसली, अंगद ड्रायव्हरशेजारी. जोएल आणि शालोम खिडकीतून कशफला ओरडून सांगत होते, की चांदणीचा पहिला वाढदिवस केक आणून करायचा. मी आत पाय ठेवणार तेवढ्यात मामा दुकानातून एक पोतं घेऊन आले.

"जावईबापू, हे न्या."

मी पोतं उघडून बघितलं. आत तीच मोटार होती, पुसलेली, लाकडी पाटावर बोल्टानं आवळलेली. शेजारी नवा दांडा. पुल्या बसवलेल्या, बारकी मोटारला, मोठी दांड्याला, पट्टा चढवलेला. दोन्ही पुल्यांवर पांढऱ्या रंगानं बाण काढले होते.

"पुण्याला लावा," मामा म्हणाले. "सगळं बसवून दिलंय. वॉचमनला सांगा, काही खोलू नको म्हणावं. नुसतं बटण दाब."

त्यांनी हे असं सांगितलं, जसं गिऱ्हाइकाला मोटार परत देताना सांगतात. त्यात राग नव्हता. राग असता तर मी पोतं घेतलं असतं. पोतं मला उचलवेना. जड तर ते होतंच.

"मामा," मी म्हणालो, "हे माझ्या हातात देता? पुल्या उलट्या लावणारा माणूस मी. पुण्यात चांदणी दहाव्या मजल्यावरून उडाली तर खाली शेळी नसते."

"पण तुमी कुठं..." मामा बोलायला लागले. त्यांनी आजूबाजूला बघितलं. थांब्यावर बरीच माणसं होती.

"मला आधी शिकवा," मी म्हणालो. "पुढच्या वर्षी. इथं, गच्चीवर. नीट जमेपर्यंत पुण्याला न्यायची नाही."

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. अंगद पुढून सरळ समोर रस्त्याकडे बघत होता. मला वाटलं त्यानं ऐकलंच नाही. मग मान न वळवता तो म्हणाला, "आबा, ठेवा ती मोटार. लई जड हाय. कुठं वागवत न्यायची तेवढ्या लांब."

आत भावना रडत होती, पण ती रडतेच.

मामांनी पोत्याचं तोंड बांधलं आणि ते खांद्यावर घेतलं. "मंग चार दिवस आधी या," ते मला म्हणाले. "तुमाला शिकायला टाइम लागतो."

जीप वळण घेईपर्यंत मी मागे बघत होतो. दुकानाच्या पायरीवर रामराव येऊन बसले होते, आपली जळालेली मोटार घेऊन. चोवीस तारखेची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली असावी, कारण ते दोन-चार जणांना हातवारे करून सांगत होते, आणि आवाज आमच्यापर्यंत येत होता. "छ्या, छ्या! मगऱ्याचा हात असं करायचा न्हाई. ते जावयानं केलं, पुण्याच्या!"

मामा या वेळी त्यांच्या जवळ उभे राहिले नाहीत. ते पोतं खांद्यावर घेऊन तसेच आत गेले, पोतं खाली ठेवलं, आणि खाली मान घालून रामरावांची मोटार उघडायला बसले.